मालतीताई आणि जागेचा सातबारा

जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. मालतीताई ढोके यांची आणि माझी पहिली भेट सूक्ष्मदर्शकापाशी झाली. बोंडअळीने कपाशीची पऱ्हाटी खाल्ली, ते वर्ष. "जिल्हा अळीने हैराण आणि तुम्ही पेशी कसल्या बघता?" असे आमच्या साप्ताहिकासाठी विचारायला गेलो होतो. ताईंनी मला भिंगाला डोळा लावायला सांगितले.

"काय दिसते?"

"जांभळी रांगोळी."

"हे लोहारा गावच्या नसीमभाभीचं फुप्फुस आहे. बसा आता."

नसीमभाभी म्हणजे मेकॅनिक राशीदभाईंच्या पत्नी. जन्मात विडीला हात लावला नाही. तरी गाठ झाली, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे आधी क्षयाच्या गोळ्या चारून झाल्या. ताईंनी गाठीचा तुकडा ओळखीने नागपूरला जनुक-तपासणीस पाठवला. अहवाल आल्यावर राशीदभाईंना म्हणाल्या, "पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारी एक कळ असते. भाभींची ती दाबलेलीच अडकली आहे. ही गोळी नेमकी तिथं पाचर मारते."

पाचर बसली. भिंत धरून चालणाऱ्या भाभी ईदला शेवया भाजायला उभ्या राहिल्या.

"मंग बरी झाली म्हणा ना!" राशीदभाई म्हणाले.

ताईंना गोड खोटे बोलता येत नाही. "नाही, भाई. बीटी बियाण्यात अळीचं विष आलं तेव्हा अळी मेलीच होती ना? ज्या वाचल्या त्यांचीच अवलाद आता बोंडात बसली आहे. गाठीतही तसंच होते. पेशी दुसरा रस्ता काढेल. तो वेळेत सापडला तर दुसरं औषध आहे."

रस्ता वेळेत सापडावा म्हणून तपासणीचे यंत्र इथेच हवे, असा प्रस्ताव ताईंनी दिला: 'कर्करोगावरील उपचारासाठी नवीन टार्गेट'. शब्दानेच घात केला. आपल्याकडे टार्गेट शोधत नाहीत, ते वरून येते, नसबंदीचे, शौचालयांचे.

जिल्ह्याच्या निधीच्या बैठकीत मंजुरी देणारे साहेब म्हणाले, "मॅडम, जुनेच टार्गेट पुरे होऊन नाही राह्यले, तुम्ही नवीन कायले शोधून राह्यल्या?"

"साहेब, टार्गेट म्हणजे पेशीतली ती जागा, जिथं औषध बसते."

"जागा आहे? मंग सातबारा जोडा."

सभागृह पोट धरून हसले. प्रस्ताव 'जागेचा तपशील नाही' या शेऱ्यासह परत आला. विनोदावर पोट भरणारा मी. पण इतका महाग विनोद मला कधी जमला नाही.

भाभींच्या पेशींनी कोणाच्या मंजुरीची वाट पाहिली नाही. गाठ पुन्हा वाढल्यावर काढलेला दुसरा तुकडा नागपूरच्या रांगेत पडून राहिला. त्याचा अहवाल आला तो भाभी गेल्यावर, त्यांच्या चाळिसाव्याच्या दिवशी: नवे औषध लागू पडले असते.

ताई तो घेऊन लोहाऱ्याला निघाल्या. मी म्हटले, "आता कायले सांगता?"

"राशीदभाईंना वाटते, भाभींनी गोळी चुकवली म्हणून गाठ वाढली. मेलेल्या बाईवर हा डाग कायले ठेवू?"

राशीदभाईंनी ऐकून घेतले. हातातला पाना पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ताई, माही बहीणबी खोकलून राह्यली. तिले कधी आणू?"

ताईंनी तिला सोमवारी बोलावले आहे.

ताईंच्या एकसष्टीला ज्या गौरव समितीने हा लेख मागितला, तिच्यात ते सातबारावाले साहेबही आहेत, आणि ताईंना शाल तेच पांघरवणार आहेत. शाल उबदार आहे, असे कळते. यंत्र अजून नाही, आणि ताईंनंतर त्या भिंगाला डोळा लावील असे आपण कोणालाही तयार केलेले नाही. म्हणून मालतीताई, उदंड जगा, ठणठणीत राहा. यात माया आहेच. पण खरे सांगायचे तर ही शुभेच्छा नव्हे, अख्ख्या जिल्ह्याचा निर्लज्ज स्वार्थ आहे.