चारंवालीनं ओळखलेलं रोप

अहेरीच्या आठवडी बाजारात एक म्हातारी चारं, म्हणजे चारोळीची ताजी फळं, विकायला बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. नागपूरहून आणलेल्या अवोकॅडोची बी मी कुंडीत लावली होती आणि उगवलेल्या रोपाचं कौतुक अख्ख्या ऑफिसला ऐकवलं होतं. पानांना भोकं पडली, तेव्हा कुंडी उचलून तिच्याकडे गेलो. तिनं पान बोटांत चोळून हुंगलं.

"हे चाराचं झाड होय, भाऊ. जंगलातली माती आनली असंल तुमी."

आणली होती. वर्षभर त्याला विकतचं खत घालत होतो.

"फळं कधी येतील?" मी ओशाळून विचारलं.

तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

"येतीन. तवरिक तुमी राह्यले म्हंजे झालं."

त्या दिवसापासून मी जेवणात मीठ कमी केलं आहे.