पळणं बंद, बोलणं बंद

मी पळायला लागले तेव्हा पन्नाशी उंबऱ्यावर येऊन बसली होती. पहिल्या दिवशी सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ह्या वयात बायका तीर्थाला जात्यात, आन आमची सून बूट घालून निघाली." बूटही मुलीचे जुने, गुलाबी पट्ट्यांचे. त्यावर पंजाबी ड्रेस आणि ओढणीची कमरेला गाठ. हे ध्यान बघून गल्लीतली कुत्री भुंकायची विसरली.

मला पळायला लावलं आमच्या ह्यांनी. तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली, तेव्हा डॉक्टरांच्या आधी ह्यांनीच औषध सांगितलं, "उद्यापास्नं पहाटं माझ्याबरूबर." हे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, आता एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम बघतात. साताऱ्यात असे रिटायर फौजी इतके, की पहाटे यवतेश्वरच्या चढाला गेलात तर आख्खी पलटण भेटेल. त्यांच्यामागून भरतीची पोरं, पोरांच्या मागून मी. म्हशीनं शर्यतीत भाग घ्यावा तशी.

पण पळता पळता मला एक शोध लागला. हा माणूस बोलतो.

हा शोध किती मोठा, ते फौजीच्या बायकोलाच कळेल. आमचा संसार सुट्टीसुट्टीनं झाला. हे यायचे, पत्रा दुरुस्त करायचे, उसाला पाणी पाजायचे, पोरीला खांद्यावर घेऊन जत्रेला जायचे आणि बोलायचं राहिलंय म्हणेपर्यंत ट्रंक बांधायची वेळ व्हायची. रिटायर झाल्यावर तरी बोलतील म्हटलं, तर घरात तीनच शब्द: "हं", "व्हय" आणि "बघू". समोर बसून बोलायचं म्हटलं की माणूस मुका. पण शेजारी शेजारी पळताना, दोघांची तोंडं रस्त्याकडं असली, की ह्यांचा नळ सुटायचा. वाळवंटात चपात्या कशा पापडासारख्या वाजायच्या, बर्फात पायमोजे हातात कसे घालायचे, मुलगी झाल्याची बातमी कळली तेव्हा पेढे कुठले मिळायला, मग गूळच कसा वाटला. मला धाप लागलेली, त्यामुळे मध्ये बोलायची सोय नाही. कदाचित त्यामुळंच ते बोलत असतील.

मग एका पहाटे, चढाला, माझ्या पोटरीवर मागून कुणीतरी दगड हाणला.

मी वळून ओरडले, "कोन रं त्यो मुडद्या?"

मागं फक्त एक रिटायर मास्तर होते, मफलर गुंडाळून रोज देवाचं नाव घेत चढणारे. त्यांनी दोन्ही हात वर केले. "बाई, मी काही केलं नाही हो."

दगड कुठंच नव्हता. पोटरीत आतल्या आत काहीतरी तुटलं होतं. मास्तरांची माफी मागत, ह्यांच्या खांद्याला लोंबकळत मी खाली आले.

त्या वेळी सरळ दवाखाना गाठला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण दोन दिवसांनी माझ्या माहेरी, सांगलीकडं, भाच्याचा साखरपुडा. लंगडत गेले. आमच्याकडं असं आहे, की मुरगळलं, लचकलं, शीर चढली, की माणूस आधी तालमीतल्या वस्तादाकडं जातो आणि मग, जमलं तर, डॉक्टरकडं. आणि माझे मामा तर स्वतःच जुने पैलवान. ऐंशीला आले तरी त्यांचा पंजा अजून पाटीएवढा आहे. मांडवात मला लंगडताना बघितलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"पोरी, आन पाय हिकडं."

"मामा, ऱ्हाऊ द्या. बरं वाटतंय आता."

"बरं वाटणारी मानसं अशी चालत्यात व्हय? तेल आना रं!"

मामांना नाही म्हणणारा आमच्या घराण्यात अजून जन्मायचा आहे. कोमट तेलाची वाटी आली. बायका भोवती गोळा झाल्या. मी आशेनं ह्यांच्याकडं बघितलं. शत्रूसमोर उभा राहिलेला माणूस, मामेसासऱ्यासमोर मात्र अटेन्शनमध्ये.

"जावईबापू, खांदं धरा तिचं. हलली न्हाई पायजे."

आणि ह्यांनी धरले!

मामांनी अंगठा पोटरीत घातला आणि वर ओढला. माझ्या किंकाळीनं सनईवाला थांबला असेल. "कळ सोस, कळ सोस, गाठ सुटाय लागली," मामा म्हणत होते. सुटलं भलतंच. दोन दिवसांत पाय टाचेपर्यंत वांग्यासारखा काळानिळा झाला.

साताऱ्यात डॉक्टरांनी पाय बघितला आणि विचारलं, "कुणी चोळला?"

"मामांनी."

"डॉक्टर आहेत?"

"पैलवान आहेत."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "स्नायू थोडासाच फाटला होता, ताई. चोळून चोळून तुम्ही तो चांगला फाडून घेतलात. दोनेक महिने पळायचं नाव काढायचं नाही. त्यानंतर बघू."

सासूबाईंना मनातून आनंद झाला. त्यांनी निर्गुडीचा पाला शेकायला आणला आणि सून घरात सापडली म्हणून माझ्याकडून लसूण सोलून घेतला. मी खुर्चीत, पाय स्टुलावर. साखरेची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर मला साखरेचं इतकं वाटत नव्हतं. पळणं बंद झालं तसे हे पुन्हा गप्प झाले. आधी होते त्याहूनही जास्त. ज्या हातांनी खांदे धरले होते ते हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नसावं. मी चहा पुढं ठेवून मुद्दाम विषय काढायची, "आवं, त्या वाळवंटात पानी कुठनं यायचं?"

"टँकरनं."

संपलं. ह्या वयात मिळालेलं एवढंसं बोलणं आता परत जातंय आणि आपण स्टुलावर पाय ठेवून बघत बसलोय, ह्या विचारानं माझा लसूण सोलता सोलता डोळा भरायचा. लसणानं डोळे भरत नाहीत, हे सासूबाईंच्या लक्षात आलं असेल.

हे मात्र रोज पहाटे बूट घालून जायचे. मला राग यायचा. जा, पळा, सुखानं पळा! मग एकदा त्यांचा बनियन धुवायला घेतला, तर कोरडा ठणठणीत. दुसऱ्या दिवशीही तसाच. चढ पळून आलेल्या माणसाचा बनियन पिळून वाटीभर पाणी निघतं, हे मला पाठ होतं.

"आवं, तुमी पळताय का न्हाई?"

"हं."

"हं म्हंजे?"

बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसले. मग नाडीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "खाली कठड्यावर बसतो. एकट्याला करमत न्हाई."

 मी फोनवर डॉक्टरांना विचारलं, हळू चाललं तर चालेल का. म्हणाले, सपाटीवर, थोडं, दुखेल तिथं थांबा.

दुसऱ्या पहाटे मी पण बूट घातले. चढाचं नाव नाही, आपल्याच गल्लीतून पुढच्या वळणापर्यंत आणि परत. फौजी माणसाला हळू चालता येत नाही. हे चार पावलं पुढं जायचे, थांबायचे, मागं बघायचे, परत पुढं. बाजूनं एक म्हातारे सुभेदार काठी टेकत आम्हाला मागं टाकून गेले.

"काय हवालदार, गाडी बंद पडली काय?"

"न्हाई सायेब, फस्ट गिअरमधी हाय."

मग हे माझ्या शेजारी आले. पाऊल माझ्या पावलाएवढं केलं. वळण आलं, आम्ही मागं फिरलो, तरी गप्पच. मी मनात म्हटलं, हे पळतानाच जमतं बाई, चालण्यात ते नाही.

"आमच्याकडं डोंगरात एक खेचर हुतं," हे एकदम म्हणाले.

मी रस्त्याकडंच बघत राहिले.

"सामान वर न्यायचं. एकदा त्याचा पाय दुखावला. आपुन म्होरं चाललं की त्ये जागंवर उभंच. मागनं हाकललं तरी हलंना. शेजारी चाललं, त्याच्या चालीनं, की मग यायचं. आख्खा डोंगर मी त्याच्या शेजारनं उतरलो."

"म्हंजे मी खेचर?"

"तसं न्हवं गं," हे गडबडले. "त्ये लय गुणी हुतं."

मला हसू आवरेना. ह्यांनाही. मग त्या खेचराला गूळ आवडायचा, ते एकाच शिपायाला लाथ मारायचं, त्या शिपायाचं लग्न कसं मोडलं, असं करत करत नळ सुटला तो सुटलाच. आमचं फाटक आलं. हे बोलतच पुढं गेले. पोटरी ठणकायला लागली होती. डॉक्टरांनी सांगितलेलं मला चांगलं आठवत होतं.

अंगणातून सासूबाई ओरडल्या, "आरं, घर मागं ऱ्हायलं!"

ह्यांना ऐकू गेलं नाही. मी ऐकलं नाही.