पंचनाम्यासाठी राखलेला कोपरा

आमच्या बांधापलीकडे शेवंताकाकूंचं शेत आहे. तिथे हरभरा छान उगवून आलाय, पण रस्त्याकडच्या कोपऱ्यात एक काळा तुकडा तसाच ठेवलाय. अतिवृष्टीत कुजलेलं सोयाबीन आहे ते. काल त्यात शेळ्या शिरल्या, तशा काकू काठी घेऊन धावत आल्या.

"अहो काकू, आता काय राहिलंय त्यात?" मी विचारलं.

"पंचनामा राहिलाय की!"

मागच्या अतिवृष्टीनंतर त्यांनी आठ दिवसांत रान साफ करून पेरणी उरकली होती. तलाठी उगवले ते हरभरा वीतभर झाल्यावर. हिरवं रान बघून त्यांनी लिहिलं, 'नुकसान आढळले नाही.' यंदा काकू शहाण्या झाल्यात.

माझं डोकं फिरतं ते इथेच. सांडलं की पुसायचं, पडलं की उचलायचं, हे आपल्या हातांना कुणी शिकवावं लागत नाही. आणि मदत हवी असेल तर सरकार म्हणतं, हात लावू नका, साहेबांना फोटो काढायचाय. साहेब कधी येणार, ते साहेबांनाही ठाऊक नसतं. तोवर बाईनं आपली नासाडी नीट जपून ठेवायची!

शेळ्या हाकलून काकूंनी बाभळीच्या काटेरी फांद्या ओढत आणल्या आणि कुजलेल्या सोयाबीनभोवती कुंपण घातलं. फांद्या तेवढ्याच होत्या. हरभरा उघडाच राहिला, आणि काकूंची पाठ वळताच शेळ्या तिकडे निघाल्या.