साडूंचा कार्बोरेटर

दुसऱ्याने केलेलं कुठलंही काम ज्याला जन्मात पटलं नाही, असा माणूस पाहायचा असेल तर देवणीला जाऊन आमच्या थोरल्या साडूंना भेटावं. न्हाव्याच्या खुर्चीत बसले की कात्री कुठून फिरवायची हे ते सांगत राहतात. एकदा वैतागून न्हाव्याने कात्रीच त्यांच्या हातात दिली. साडूंनी ती घेतली, आणि पुढे कितीतरी दिवस आपल्या पेंडीच्या दुकानात टोपी घालून बसले. लग्नात ते वाढप्याच्या हातातली पळी काढून घेतात. डॉक्टरांनी बांधलेली पट्टी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच सोडून पुन्हा बांधतात. उदगीरहून नांदेडला येताना एकदा ते एसटीच्या ड्रायव्हरमागे उभे राहून गिअर कधी बदलायचा ते सांगत होते. शेवटी ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि त्यांना हात जोडले. साडू भर उन्हात खाली उतरले आणि त्या दिवसापासून लोकाच्या गाडीत पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

मग त्यांनी एक जुनी, पेट्रोलवरची पिकअप घेतली. तिचा कार्बोरेटर पार झिजलेला. रेसवरचा पाय उचलला की इंजिन बंद. म्हणून साडू गतिरोधकावरही रेस सोडत नसत. मागे सरकी पेंडीची पोती उडत आणि शेजारी अक्का, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून गप्प बसलेली असे. गावातले मिस्त्री म्हणत, कार्बोरेटर बदला. मिस्त्री म्हणतात एवढ्याच कारणाने साडू तो बदलत नव्हते. आम्ही सगळे हसायचो. मी तर त्यांच्या नकला करून पंगतीच्या पंगती हसवल्या आहेत.

ते हसणं एका उन्हाळ्यात संपलं. बिलोलीला आमच्या सासूबाई सकाळी वारल्या. आम्ही नांदेडहून लगेच पोचलो. अक्का यायची होती. गाडी पाठवतो म्हणून मी साडूंना फोन केला, तर म्हणाले, गाडी दारात उभी असताना लोकाची कशाला? देगलूरच्या अलीकडे पिकअप बंद पडली. मागून येणारा एक जीपवाला थांबला, बाईंना बिलोलीला सोडतो म्हणाला. साडूंनी त्याला वाटेला लावलं. म्हणाले, आत्ता चालू होते. इकडे ऊन तापलेलं, मंडळी खोळंबलेली. बायकोचे मामा मला विचारत होते आणि मी रस्त्याकडे बघत होतो. शेवटी उचलावंच लागलं. दिवेलागणीला पिकअप दारात आली तेव्हा अंगण सारवून झालं होतं. अक्काने दारातूनच विचारलं, "नेलं का माईला?"

या माणसावर मी इतकी वर्षं हसलो याची मला त्या दिवशी किळस आली. ती अजून पुरती गेलेली नाही.

तेरावं झाल्यावर अक्काला सोडायला मी देवणीला गेलो. साडू आधीच परत गेले होते. बघतो तर पिकअपचं बॉनेट उघडं, आणि नांदेडच्या जुन्या बाजारातून आणलेला कार्बोरेटर पोत्यावर ठेवलेला. ये-बस नाही की काही नाही. मला म्हणाले, "बसा आत. सांगितलं की रेस द्या." त्यांनी तो बसवला, पण खाली पॅकिंग जुनंच घातलं. इंजिन चालू झालं ते बोंबलतच. रेस कमी होईना, कारण फटीतून हवा ओढत होतं. मी तसं म्हणालो, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझं ऐकलं. सगळं खोलून नवं पॅकिंग घातलं, नट सारखे आवळले. मग एका हाताने रेस कमी-जास्त करणारा स्लोचा स्क्रू, दुसऱ्याने हवेचा. किंचित आत, किंचित बाहेर, मधेच कान लावून ऐकणं. बऱ्याच वेळाने इंजिन एका लयीत आलं. मी रेसवरून पाय काढून घेतला, तरी ते चालूच राहिलं.

साडूंनी हात पुसले आणि अक्काला दारात बोलावलं.

"ऐक. आता बंद पडत न्हाई."

अक्का उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी पायजे होती." आणि आत गेली.

साडू पेचकस हातात धरून तसेच उभे होते. इंजिन बंद करायचंही त्यांना सुचेना. शेवटी मीच चावी फिरवली. त्यानंतर अक्का त्या पिकअपमध्ये बसली नाही. भांडली नाही, बोलणं सोडलं नाही, डबा वेळेवर दुकानात पोचवला. फक्त बसली नाही.

माईच्या वर्षश्राद्धाला तिने मला निरोप धाडला की तुमच्या गाडीत येते. मी न्यायला गेलो. साडूंनाही चला म्हणालो. मान हलवून ते पिकअपकडे गेले. निघालो तेव्हा आरशात त्यांची गाडी दिसत होती, रस्ताभर दिसत होती. एकदाही अडखळली नाही. शेजारची जागा रिकामी, आणि ते सरळ समोर बघत होते. देगलूर जवळ आलं तसा मी मुद्दाम वेग वाढवला. खोटं कशाला सांगू, त्यांना मागे टाकावंसं मला वाटत होतं.

अक्का खिडकीबाहेर बघत होती. मागे न वळताच तिने विचारलं, "येऊन राहिले का मागं?"

"हाव," मी म्हणालो.

ती पदर सारखा करत म्हणाली, "जरा हळू घ्या मग."