साडेसहाच्या आत एक हॉटेल

त्या काळात मी दिवसभर बाथरूम बसवायचे. प्लंबर नव्हते हो, आर्किटेक्ट होते, रीतसर पदवी आहे माझी. पण पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्यावरच्या आमच्या ऑफिसात परदेशातल्या इमारती कॉम्प्युटरवर उभ्या राहायच्या, भिंती, दारं, नळ, आरशांसकट, आणि माझ्या वाट्याला एका भल्यामोठ्या हॉटेलातल्या बाथरूम आल्या होत्या. एकसारख्या खोल्या, मजल्यांवर मजले. यादीतून बेसिन उचलायचं, भिंतीला लावायचं, फिरवायचं, सरळ करायचं. मग कमोड. मग आरसा. मग टॉवेलची दांडी. की पुढची खोली, पुन्हा बेसिन. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "एवढं शिकून हेच का गं?" मला राग आला नाही, कारण माझंही तेच मत होतं.

मुलगी तेव्हा तीन वर्षांची. सासर-माहेर दोन्ही दूर, आणि नवऱ्याला हिंजवडीहून आणणारी कंपनीची बस आठच्या आत कधी यायची नाही. म्हणून मुलगी कर्वेनगरात एका काकूंच्या पाळणाघरात असायची. काकू एकट्या राहायच्या, स्वच्छ, टापटीप आणि तोंडाने महाफटकळ. बाकीची मुलं सहापर्यंत घरी जायची. मी धापा टाकत पोचायचे तेव्हा सात कधीच वाजून गेलेले असायचे. एक दिवस काकूंनी मुलीची पिशवी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "हे पाळणाघर आहे, वसतिगृह नाही. उद्यापासून साडेसहा म्हणजे साडेसहा. जमत नसेल तर दुसरीकडे बघा."

दुसरीकडे कुठे बघणार, कपाळ? जवळपासची सगळी पाळणाघरं पालथी घालून झाली होती. म्हणजे नोकरी सोडायची. नवरा समजूतदारपणे म्हणाला, "सोड आत्ता, नंतर बघू." माझ्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणींनीही असंच सोडलं होतं, आणि त्यांचं ते 'नंतर' अजून उगवायचं होतं. मला नोकरी हवी होती. बाथरूमची का असेना, माझी होती ती.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले ती चिडूनच. एका खोलीतलं सगळं सामान एकत्र बांधून त्याचं एकच गाठोडं केलं, आणि कॉम्प्युटरला सांगितलं, हे ओळीनं प्रत्येक खोलीत ठेव बाबा. बटण दाबलं, अख्खा मजला भरला. जीव भांड्यात पडतोय तोवर लक्षात आलं की खोल्यांत काहीच नाही. सगळे कमोड एका रांगेत व्हरांड्यात उभे होते, आणि आरसे हवेत. नेमके तेव्हाच आमचे ग्रुप लीडर मागे येऊन थांबले. पन्नाशीचे गृहस्थ, उमेदीची सगळी वर्षं ड्रॉइंग बोर्डावर काढलेली, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी चष्मा सारखा केला, नीट पाहिलं आणि म्हणाले, "पाहुण्यांची फार सोय केलीत आपण."

हसावं की रडावं कळेना. चूक साधी होती. मी गाठोडं धरत होते बेसिनपाशी आणि टेकवत होते दारापाशी, मग सगळं बाहेर सरकणारच. दाराच्या चौकटीचा कोपरा ठरवला, तिथेच धरलं, तिथेच टेकवलं. एकाआड एक खोल्या डाव्या-उजव्या होत्या, त्यांच्यासाठी उलटं गाठोडं वेगळं बांधलं. दुपारच्या चहापर्यंत एक मजला बिनचूक झाला, आणि एक झाला तो उचलून वर ठेवत गेले तर वरचेही झाले. मग एकेक खोली उघडून तपासली, कारण माझा माझ्यावर विश्वास नव्हता.

साडेपाचला मी पर्स उचलली. आमच्याकडे लीडर उठेपर्यंत कोणी उठायचं नाही असा अलिखित कायदा होता. काम असो नसो, खुर्ची भरलेली दिसली पाहिजे. सर म्हणाले, "झालं? वा. मग दुसऱ्या विंगेचं घ्या." हुशारीचं बक्षीस म्हणजे आणखी बाथरूम.

एरवी मुकाट बसले असते. त्या दिवशी म्हणाले, "सर, दुसरी विंग उद्या दुपारी देते. आत्ता निघाले नाही तर पाळणाघरात मुलीला उद्यापासून घेणार नाहीत, आणि मग मीही येणार नाही." आसपासच्या सगळ्या माना वळल्या. सरांनी माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवलं. "हे गाठोड्याचं आधी मला दाखवा," ते म्हणाले. दाखवलं. त्यांनी जीभ दातांत धरून स्वतः एक मजला भरला आणि मागे टेकले. "जन्मभर एकेक खिडकी काढत बसलो," एवढंच म्हणाले. मग नेहमीच्या सुरात, "निघा आता. नळस्टॉपच्या सिग्नलला अडकलात तर माझं नाव सांगू नका." इतके आवडले मला ते त्या क्षणी, काय सांगू. दुसऱ्या दिवसापासून सहा वाजले की तेच आधी हेल्मेट उचलायला लागले. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी वेळेत पोचले तर मुलगी जागची हलेना. "मी भात खाणार," म्हणाली. तेव्हा कळलं, की बाकीची मुलं गेली की काकू तिला आपल्या पानाशेजारी बसवून मऊ भात, तूप, मेतकूट भरवायच्या. घरी ती रात्री धड जेवत नाही म्हणून मी डॉक्टरांचं डोकं खाऊन आले होते, आणि काकूंनी ताकास तूर लागू दिली नव्हती. विचारलं तर मलाच दरडावलं, "मग काय उपाशी ठेवू पोरीला?"

आठवडाभर मी रोज वेळेत. मग एका संध्याकाळी काकू पिशवीचा बंद आवळत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रोज रोज इतकं वेळेवर यायलाच हवं असं काही नाही. एखाद्या दिवशी उशीर झाला तर होऊ दे. एकटीपुरता कुकर काय लावायचा."

दुसऱ्या दिवशी माझं काम पाचलाच संपलं. सहाला सर हेल्मेट घेऊन उठले आणि मला बसलेली पाहून थबकले. "मॅडम, पाळणाघर?"

"आज मला उशीर व्हायचाय, सर," मी म्हणाले, आणि चहाचा कप घेऊन सात वाजायची वाट बघत बसले.