खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

संघपाल आमच्या अकोल्याच्या रक्तपेढीत कॉम्प्युटर सांभाळायचा. रोज बडनेऱ्याहून रेल्वेनं यायचा. इतका काटेकोर, की मला त्याचा रागच यायचा. विंडोजचे पॅच, म्हणजे नवे अपडेट, आले की आधी बॅकअप घेणार, तो जुन्या मशीनवर उघडून बघणार, मगच सर्व्हरला हात लावणार. एकदा दृष्टही काढ त्याची, असं मी चिडवायची.

त्या सर्व्हरमध्ये आमचे सगळे रक्तदाते होते. रश्मीचेही. सिकलसेलची पोर ती. रक्त चढवून चढवून आता तिला नुसता गट जुळून भागत नसे. तिला चालणारे दाते मोजकेच, आणि त्यांची नोंद तेवढ्या सर्व्हरमध्येच.

खंडेनवमीच्या दुपारी संघपालनं पॅच लावायला घेतले. पण त्याची आई ललिताबाई स्टेशनवर ताटकळली होती. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर पोचायचं होतं. त्यानं बॅकअप घेतला, पण उघडून पाहिला नाही. पॅच अर्ध्यावर असतानाच निघाला. जाताना मॅनेजर उद्धवरावांना बजावलं, आपोआप होईल, बंद तेवढा करू नका.

उद्धवराव वाईट माणूस नाही. पण नवमीला शस्त्रांना विश्रांती, आणि आमची शस्त्रं म्हणजे मशिनी. चालत्या यंत्राला हळदकुंकू वाहायचं कसं? त्यांनी बटण दाबून सर्व्हर बंद केला, झेंडूचा हार घातला आणि सगळ्यांना पेढे वाटले.

दसऱ्यानंतर सर्व्हर सुरू झाला, डेटाबेस काही उघडेना. बॅकअपची फाइलही खराब निघाली. संघपाल दिवसभर न जेवता तिच्यासमोर बसून होता.

त्याच आठवड्यात रश्मी दवाखान्यात भरती झाली. आठवेल त्याला आम्ही फोन लावले. एक दाता अंजनगावचा होता, एवढंच मला आठवलं. नाव काही केल्या आठवेना. पोर गेली. देवाला हार घालायची माझी इच्छाच मेली त्या दिवशी.

तिचे वडील शेषराव नंतर रक्तपेढीत आले. संघपालनं त्यांना सगळं सांगून टाकलं. बॅकअप तपासला नाही हेही, नागपूरची गाडी गाठायची होती हेही. शेषराव आता याला मारणार, असं मला वाटलं. मारलं असतं तर संघपालला बरंच वाटलं असतं.

शेषरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मीबी दसऱ्याला दीक्षाभूमीवरच होतो, बापू. पोरीसाठीच गेलो होतो."