कावळे निघून गेल्यावर

कोडोलीच्या शिवारात मळ्याच्या मालकीण काकींनी मला कोंबड्या राखायला ठेवलं आणि खुराड्याला लागून खोली दिली, तेव्हा मी त्यांचे पायच धरले होते. माझं गाव लातूरच्याही पलीकडं. माझी शाळा सहावीत सुटली. लेकीची सुटू नये, एवढंच डोक्यात. काम गेलं की खोली गेली, खोली गेली की तिची शाळा. सकाळी डोळा उघडला की हाच हिशेब.

कावळे अंडी पळवायचे. विजेच्या तारेला चिकटून एक मेला, तशा काकी म्हणाल्या, "टांग त्येला बांबूला. बाकीचं फिरकत न्हाईत बघ." आमच्याकडंही असंच करतात. मी टांगला. कावळ्यांनी दिवसभर ओरडून रान डोक्यावर घेतलं आणि निघून गेले. दोघी खूश.

मग पिल्लं जायला लागली. आज एक, उद्या एक. काकींचे दीर दारात उभे राहिले. "पिल्लं लातूरच्या एस्टीत बसली काय गं?" मी हसले आणि पिल्लं परत मोजायला लागले. "आठवडाभर बघूया, वहिनी," ते काकींना म्हणाले, "न्हाईतर कोंबड्याच इकून टाकूया."  

दुसऱ्या दिवशी मी पिल्लांपाशीच बसून राहिले. आणि तरी एक गेलं! घारीसारखा तो वरून घिरट्या घालत आलाच नाही. कुंपणाच्या आडून, जमिनीलगत, सपकन. शेवग्यावर बसून पिसं उपटत होता, आपण भाजी निवडावी तसा. पारव्याएवढाच, छातीवर तांबूस पट्टे, डोळा लाल. शिक्रा.

मी काकींना हाक मारली. तोवर तो पिल्लू घेऊन बांधावरच्या आंब्यात शिरला होता. तिथून बारीक चिरचिर ऐकू आली.

"घरटं हाय," काकी म्हणाल्या. "आता रोज येणार त्यो."

"आधी का नव्हता येत?"

बोलता बोलताच दोघींची नजर बांबूकडं गेली. कावळे अशाच एका पाखराला बांधापलीकडं हाकलताना मी कितीदा पाहिलं होतं. मला ते त्यांचं भांडण वाटायचं.

मेलेला कावळा मी लगेच उतरवून पुरला. पण कावळे येईनात. माझ्या वाटणीची भाकरी पत्र्यावर कुस्करून मी रोज हाका मारायची.

"पितरं जेवायला बोलवालीस व्हय गं?" काकी हसायच्या. मला रडू यायचं. पिल्लं जातच होती आणि आठवडा संपत आला होता.

शेवटी एक कावळा आला. मग आणखी दोन. त्याच सकाळी शिक्रा कुंपणाच्या आडून निघाला, तशी तिघांनी कालवा करत त्याला पार उसापलीकडं पिटाळलं. परत आल्यावर एकानं माझ्या पाटीतलं अंडं उचललं. मी हात उगारला.

"ऱ्हाऊ दे," काकी मागून म्हणाल्या. "पगार हाय त्येचा."

संध्याकाळी पिल्लं मोजली, पुरी भरली, आणि लेकीची वाट बघत मी बांधावर उभी राहिले. ती आली, दप्तर टाकलं, भूक लागली म्हणाली.  उद्या शाळेच्या डब्यात काय देऊ, तेवढं मी विचारलं.